मांजराचं कोण काढतं?

(रायगडच्या किनाऱ्यावरील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

फळ्यावर या सत्राचा विषय लिहिला तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटलं, ते मी ऐकलं. सकाळी आपण पोटगीवर बोललो, त्याआधी सातबाऱ्यावर बाईचं नाव लावण्यावर बोललो, आणि आता काय, तर म्हातारं मांजर घरात घाण करतं म्हणून झालेलं भांडण! हसा, हरकत नाही. पण तुमच्यापैकी ज्या सल्ला केंद्रात बसतात त्यांना माहीत आहे की बाई पहिल्या दिवशी येते ती असंच काहीतरी बारकं कारण घेऊन येते. आमटीत मीठ जास्त झालं. नणंदेनं बादली नेली. आपण म्हणतो, ते राहू दे, खरं कारण सांग. मला वाटतं, ते बारकं कारणच जरा वेळ हातात धरून बघावं.

ज्या घराबद्दल सांगणार आहे त्याचं गाव सांगत नाही. अलिबाग आणि मुरुडच्या मध्ये कुठेतरी, एवढं पुरे. कोळी कुटुंब. नवरा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी, एकदा गेला की आठ-आठ दिवस समुद्रात. बाई पंचेचाळिशीची, मासळी विकते. पहाटे बंदरावर लिलावात माल घ्यायचा, पाटी भरायची, सहा आसनी रिक्षातून बाजार गाठायचा. मुलगी कॉलेजात जाते. सत्तरी ओलांडलेली सासू आहे. आणि मनी आहे, चौदा वर्षांची भाटी.

ती बाई आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही हसाल. मला मनीला बंदरावर सोडायची आहे, आणि घरात सगळी मला राक्षशीण म्हणतात."

इथे जरा थांबा. मांजर बाहेर काढा असं म्हणणारी बाई होती. नवऱ्याचा मनीवर जीव. समुद्रावरून आला की तिच्यासाठी डब्यातून मांदेली आणायचा, जेवताना ती त्याच्या मांडीवर. मुलगी मोबाइलवर तिचे फोटो काढायची. दोघंही म्हणायची, मुक्या जनावराची तुला दया नाही. म्हणजे नेहमीच्या चित्रात आरोपीच्या जागी आपण ज्याला बसवतो तो इथे दयाळू होता, आणि आपल्याकडे आलेली बाई निर्दय. कार्यकर्तीनं काय करावं? बाईची बाजू घेऊन मांजर सोडायला सांगावं? की भूतदयेवर चार शब्द ऐकवून तिला परत पाठवावं? दोन्ही करणाऱ्या मी बघितल्या आहेत.

आता हे घर असं का झालं ते बघू. आपल्या किनाऱ्यावर मांजर पाळलं असं कोणी म्हणत नाही, ते असतंच. रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही बंदरावर जा, टोपल्या उतरल्या की ती हजर. त्यांची घाण कुणाला दिसत नाही, कारण मांजर स्वतः वाळू उकरतं, स्वतः झाकतं. मनीही आठेक वर्षं तशीच होती, परसातल्या वाळूत जायची. मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. त्या दिवशी या पट्ट्यात कुणाचे पत्रे गेले, कुणाची कौलं गेली, नारळी-पोफळी आडव्या झाल्या, हे तुम्हाला मी सांगायला नको. या घराचंही छप्पर गेलं. पुढे दोन वर्षांनी कर्ज काढून स्लॅबचं घर झालं, खाली चकचकीत लादी आली आणि परसात कोबा घातला गेला. घर पक्कं झालं म्हणून सगळ्यांना आनंद. मनीची वाळू मात्र गेली. मग न्हाणीघराच्या कोपऱ्यात एक प्लास्टिकचा टब आला आणि त्यात किनाऱ्यावरची वाळू. वाळू कोण आणणार, ओली वाळू कोण फेकणार, हे कुणी ठरवलं नाही. ठरवावं लागलं नाही.

साताठ महिन्यांपूर्वी मनी टबाच्या बाहेर करू लागली. आधी टबाला लागून. मग पायपुसण्यावर. मग सासूच्या गोधडीवर. एकदा देव्हाऱ्याखाली. पायपुसणं आणि गोधडी होती तोवर ती त्या बाईची कटकट होती. देव्हाऱ्याखाली झालं तेव्हा तो घराचा प्रश्न झाला, बैठक बसली, आणि बैठकीत ठरलं काय, तर बाईनं जास्त लक्ष ठेवावं.

मी तिला तिचा दिवस विचारला. गोधडी धुवायची म्हणजे काय, ते शहरातून प्रशिक्षण घेऊन आलेल्या आमच्यासारख्यांना कागदावर कळत नाही. नळ दिवसाआड. गोधडी भिजली की चौघांची ताकद लागते ती पिळायला, ही एकटी. पावसात चार दिवस वाळत नाही, आणि दमट हवेत तो वास पुन्हा उठतो. बाजारातून आली की आधी नाक लावून घरभर फिरायचं. अंगाला आधीच मासळीचा वास. एकदा बाजारात गिऱ्हाईक म्हणालं, मावशी, तुझ्या पदराला कसला वास येतोय? ते तिला सगळ्यात जास्त लागलं होतं. मासळीच्या वासाची तिला लाज नाही, तो तिच्या धंद्याचा वास आहे. हा दुसरा तिचा नव्हता.

आपण नेहमी 'अदृश्य श्रम' असा शब्द वापरतो. त्याला आता सरकारी आकडाही आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या, घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनमोल घरकामात जातात असं निघालं. पुरुषांचे ८८. तेही जे पुरुष घरकाम करतात त्यांचे, जे करतच नाहीत ते यात धरलेले नाहीत. आणि गंमत अशी की या सर्वेक्षणाच्या वर्गीकरणात पाळीव प्राण्याची देखभाल हे घरकामच धरलं जातं. म्हणजे मनीचा टब सरकारच्या वहीत आहे. घरच्यांच्या वहीत नव्हता.

नवऱ्याला मी विचारलं, तुमची माया दिसते, पण टब कितीदा काढलात? तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, "ते मला जमत नाही, ओकारी येते." आठ दिवस होडीच्या खणात मासळी आणि डिझेलच्या वासात झोपणाऱ्या माणसाला! मुलगी म्हणाली, आई करते ना. दया करणारे दोघं आणि दयेचं धुणं करणारी तिसरी, अशी ती वाटणी होती. घाण काढणारीनं 'आता पुरे' म्हटलं की तिलाच क्रूर ठरवायचं. ही गोष्ट आपण मांजराशिवायही बघितली आहे. अंथरुणावर पडलेल्या सासऱ्यांच्या बाबतीत बघितली आहे.

पण बाईचा राग खरा म्हणून तिचा उपायही बरोबर, असं होत नाही. मनी खोडसाळपणा करत नव्हती. सूड घेत नव्हती, लाडावली नव्हती. आयुष्यभर वाळू उकरून झाकणारं मांजर म्हातारपणी बाहेर करायला लागलं तर आधी ते आजारी आहे असं धरायचं. चौदा वर्षांचं मांजर म्हणजे माणसाच्या हिशोबानं सत्तरीच्या पुढे. या वयात मांजरांची मूत्रपिंडं थकतात, मधुमेह होतो, गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जास्त काम करू लागते. या तिन्हीत पाणी खूप पितात आणि लघवी खूप होते, टब लगेच ओला होतो आणि ओल्या टबात त्यांना पाय ठेववत नाही. सांधे तर जवळजवळ सगळ्यांचेच जातात. २००२ साली अमेरिकेत बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले तेव्हा नव्वदांच्या सांध्यांत झीज दिसली. उंच काठाचा टब चढणं म्हणजे आपल्या आजीला एसटीची पायरी चढणं. टबाला लागूनच केलेलं असेल तर तिला जायचं होतं, चढता आलं नाही, असं समजा. थोडं थोडं, वारंवार, ओरडत करत असेल किंवा लघवीत रक्त दिसलं तर मूत्राशयाचं दुखणं. आणि बोका जोर करतोय पण थेंब येत नाही, असं दिसलं तर उद्यावर टाकू नका. मार्ग बंद झालेला बोका एक-दोन दिवसांत दगावतो.

काही मांजरांना म्हातारपणी विसरही पडतो. रात्री उगाच ओरडतात, टब कुठे ते आठवत नाही. माणसासारखंच आहे सगळं.

मनीला तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. झाकणाच्या टोपलीत घालून, रिक्षातून, मुलीनं. हा माझा आग्रह होता, आईनं न्यायचं नाही. तिथे रांगेत शेळ्या आणि एक वासरू, मांजर हे एकटंच. डॉक्टरांनी तपासलं, रक्त तपासायला पाठवलं. मूत्रपिंडं कमजोर आणि मागच्या पायांचे सांधे आखडलेले. ते पुन्हा पहिल्यासारखं होणार नाही, पण त्रास कमी करता येतो, असं ते म्हणाले. सुकट आणि खारवलेली मासळी बंद, ताजी मासळी बिनमिठाची उकडून तिच्या पाण्यासकट द्यायची, प्यायचं पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवायचं. सांध्यांसाठी औषध दिलं आणि बजावलं की माणसांच्या दुखण्याची गोळी द्यायची नाही. हे तुम्हीही गाठीला बांधा. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते.

आता कामाच्या गोष्टी, पटापट सांगते. टब पसरट हवा, एका बाजूचा काठ चार बोटांवर आणावा. घर दोन खणांचं असलं तरी टब दोन ठेवावेत, एक ती झोपते त्याच्या जवळ. जेवणाच्या ताटलीशेजारी नको. किनाऱ्याची वाळू खारट, दमट असते, लवकर वास धरते. सुताराकडचा बारीक भुसा मिळाला तर मिसळून बघा, पण बदल हळूहळू करा. रोज एकदा काढायचं, सुगंधी काही घालायचं नाही. आणि फिनेल वापरायचं नाही. आपल्याकडे घाण म्हटलं की फिनेलची बाटली आधी हातात येते, पण काळं फिनेल मांजराला विष आहे. पायाला लागतं, ती पाय चाटते. शिवाय मांजराचं मूत आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आलं की जो वायू निघतो तो तुमच्या छातीला वाईट. आधी कोरड्या फडक्यानं टिपून घ्या, गार पाण्यानं धुवा, मग पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर, ते सुकलं की खायचा सोडा, आणि ऊन. शहरात यासाठी वेगळं औषध मिळतं, त्यानं वास मुळातून जातो. नुसत्या साबणानं जात नाही, आणि वास राहिला की मांजर त्याच जागी परत जातं.

मघाशी चहाच्या वेळी एकीनं विचारलं, सून गरोदर असली तर मांजर घराबाहेर काढावंच लागतं ना? नाही. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू जाऊ शकतो आणि गर्भाला त्यापासून धोका असतो, हे खरं. पण तो जंतू ताज्या विष्ठेत लागण करण्याजोगा नसतो, त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून टब रोज काढावा आणि तो गरोदर बाईनं काढू नये. कच्चं मटण हाताळल्यावर हात धुवावेत, पालेभाजी नीट धुवावी, त्यातूनही हा जंतू येतो. म्हणजे डॉक्टरी सल्ला इतकाच आहे की नऊ महिने टब दुसऱ्यानं काढायचा. घरं मांजर सोडायला तयार होतात, हे करायला तयार होत नाहीत.

बंदरावर सोडण्याबद्दल. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, म्हणून आपले लोक मारत नाहीत, गोणीत घालून सोडून येतात. बंदरावर मासळी आहे, जगेल, असं स्वतःला सांगतात. तरुण मांजर जगेलही. चौदा वर्षांच्या, अधू पायांच्या मांजराला तिथले बोके ताटाला तोंड लावू देत नाहीत, आणि मूत्रपिंडाच्या आजारात पाणी मिळालं नाही की हाल होऊन मरतं. कायदाही आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे, उपाशी-तहानलेलं राहून हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे किती धाक राहणार ते बघा. या कायद्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल होत्या, नृत्यामुळे आपण त्यांना ओळखतो. राज्यसभेत त्यांनी खासगी विधेयक मांडलं होतं, सरकारनं आम्हीच आणतो म्हटल्यावर मागे घेतलं आणि मग हा कायदा झाला. पण मी त्या बाईला कलम ऐकवलं नाही. पहाटे चारला उठणाऱ्या बाईला कलमानं घाबरवणं सोपं असतं.

दुसऱ्यांदा घरी गेले तेव्हा सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. उन्हातून आले म्हणून त्यांनी मला पाणी दिलं. मी म्हटलं, तुम्हीही घ्या. म्हणाल्या, "दुपारनंतर मी पाणी घेत नाय." सहज म्हणाल्या. मी तिथेच बसले. सून बाजारातून यायला वेळ होता.

साताठ महिने ती सून रोज मनीला ओरडत होती, घरात मुतणारीला घरात जागा नाही. मांजरानं काही ऐकलं नाही. म्हातारीनं ऐकलं. तिला कित्येक वर्षं खोकलं, शिंकलं, ओझं उचललं की थेंब जायचे. चौथ्या बाळंतपणानंतर आठ-दहा दिवसांत पाटी डोक्यावर घेतली होती, तेव्हापासून अंग खाली येतं. लुगडं ती सगळे उठायच्या आधी धुवायची. गोधडीवरचे डाग सगळेच मनीचे नव्हते. एवढं बोलून ती गप्प झाली आणि मला म्हणाली, हिला सांगू नको.

मैत्रिणींनो, १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के होत्या. आपण हे आकडे शिबिरात किती वेळा सांगितले असतील. इथे त्या आकड्यातली एक बाई माझ्यासमोर बसून पाणी प्यायला घाबरत होती. पाणी कमी केल्यानं हा त्रास कमी होत नाही, लघवी दाट होऊन जळजळ आणि जंतुसंसर्ग वाढतो. यावर उपाय आहेत. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, अंग बाहेर येत असेल तर आतून आधार देणारी रिंग बसवतात, शस्त्रक्रिया आहे. वय झालं, आता असंच, असं म्हणायची गरज नाही.

मी सुनेला सांगितलं नाही. दोन दिवसांनी म्हातारीनंच सांगितलं. सून रडली वगैरे नाही, चिडली. "मला नाय सांगायचं? मीच धुतलं असतं ना!" त्या वाक्यात माया होती, आणि आपल्याला सगळ्यात जास्त काळजी वाटावी असंही तेच वाक्य होतं. सासूचं दुखणं बाहेर आलं आणि पहिला उपाय काय सुचला, तर आणखी एक बादली, तिच्याच हातची. मी म्हटलं, आईला अलिबागला तिचा मुलगा नेईल. नवरा म्हणाला, बायकांच्या तपासणीत मी काय करू? मी म्हटलं, रांगेत उभे राहा, केसपेपर काढा, आत आई जाईल.

त्याला वेळ होता, कारण १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत मनीचा रात्रीचा टब त्याच्याकडे दिला, सकाळचा मुलीकडे. पहिला आठवडा त्यानं रोज बायकोला हाक मारली, इथं केलंय बघ म्हणून. दाखवायला बोलावणं हे कामात धरत नाही, असं तिनंच त्याला सुनावलं, मला बोलावं लागलं नाही. मग एका रात्री त्यानं बघितलं की मनी पुढचे दोन पाय काठावर ठेवते आणि तशीच थांबते. सकाळी त्यानं करवतीनं काठ कापला. ओकारीचं काय झालं ते मी विचारलं नाही.

बंदी उठली, होडी पाण्यात गेली, आणि त्याची पाळी कुणाकडे, हा प्रश्न पुन्हा आला. सध्या मुलगी दोन्ही वेळा करते आणि परीक्षा आली की चुकते. आईनं ठरवलंय की हात लावायचा नाही. एक-दोन दिवस घरभर वास सुटतो, शेजारीण नाक मुरडते, ही दारातून तशीच बाजाराला जाते. तिला ते जड जातं, असं ती म्हणते. सासूला रिंग बसवली आहे आणि संध्याकाळचा चहा ती पुन्हा घेते. मनी वाळली आहे, पण खाते. डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे की पुढे हाल होऊ लागले तर इंजेक्शन देऊन झोपवता येतं. तशी वेळ आली तर चौघांनी बसून ठरवायचं, नवरा समुद्रावर असेल तर तो येईपर्यंत थांबायचं, असं घरात बोलणं झालंय. आणि त्या बैठकीत आधी मी बोलणार, असं म्हातारीनं सांगून ठेवलंय.